सायकसची सोयरीक

माझ्या सासऱ्यांच्या खिशात बेचाळीस वर्षं एकच चाकू होता. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, तेव्हा मीही मामाजीच म्हणते. बाहेर ते रामाकोन्याचे दादाराव, संत्र्याचा डोळा बांधणारे. सौसरपासून पांढुर्ण्यापर्यंत कुठल्याही जुन्या बागेत उभं राहा, आसपासचा कुणीतरी सांगेल की यातली निम्मी झाडं दादारावांच्या हातची.

संत्र्याचं बी कुणी लावत नाही. जंभेरीचं, म्हणजे एका आंबट रानलिंबाचं, रोप लावतात, ते बोटाएवढं जाड झालं की त्याच्या सालीला चीर देतात, चांगल्या झाडाचा एक डोळा त्यात बसवतात आणि वरून पट्टी बांधतात. चीर मामाजी द्यायचे, पट्टी माझ्या सासूबाई बांधायच्या. रोपवाटिकेत दोघं एका वाफ्यावर कामाला होते आणि त्यांचं लग्नही तिथंच ठरलं. करुणा नावाची ती मुलगी पट्टी फार घट्ट बांधते, असं मामाजी आजही चारचौघांत सांगतात आणि सासूबाई आजही त्यांच्याकडे बघत नाहीत.

मामाजींचा दुसरा उद्योग सोयरिका जुळवण्याचा. यात त्यांना कुणी कधी पैसा दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही, पण एकतीस लग्नं त्यांनी लावली. बत्तिसावं त्यांच्या पोराचं, म्हणजे माझं. काटोलला आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांना एकच प्रश्न विचारला, की पोरीला राग येतो का. वडील बिचारे खरं बोलून गेले. मामाजी खूश झाले. म्हणाले, आमच्या घरी सगळे गप्प बसणारे आहेत, एक बोलणारी पाहिजेच होती.

तर मी बोलते. सौसरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र हिंदीतून शिकवते आणि घरी येऊन मराठीतून भांडते. ही गोष्ट सांगताना मला माझ्यावरही थोडा राग काढायचा आहे, कारण सहा वर्षं मी ज्या झाडाचा धडा फळ्यावर काढत होते ते आमच्याच अंगणात उभं होतं आणि मी त्याच्या पानांवर ओढण्या वाळत घालत होते.

ते झाड सासूबाईंचं. त्यांचे वडील पांढुर्ण्याला एका बंगल्यावर माळी होते. तिथल्या सायकसच्या बुंध्याशी एक कोंब फुटला, तो त्यांनी डालड्याच्या डब्यात लावून लेकीला दिला. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. वडील गेले, पुढं बंगला पडला आणि त्याबरोबर मूळ झाडही गेलं. उरलं ते आमच्या अंगणातलं. बुंधा कमरेएवढा उंच, वर खजुरासारख्या टोकदार पानांचा घेर. सासूबाईंच्या मनात एकच होतं, की याची तीन रोपं व्हावीत. दोन त्यांच्या बहिणींना, मंगलामावशी आणि वंदनामावशींना, आणि एक विहाराच्या दारात. बाबांचं झाड म्हणून. त्यांनी हे कुणाला फारसं सांगितलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

आणि त्या झाडाच्या बुंध्याशी कोंब आला की मामाजी तो काढून टाकायचे.

याला कारण पानसोट. संत्र्याच्या खोडातून कधीकधी एक सरळसोट, रसरशीत, काटेरी फांदी वर जाते. ती झाडाचं सगळं खाते आणि फळ देत नाही. तिला आमच्याकडे पानसोट म्हणतात. संत्र्याचा माणूस पानसोट दिसला की हात आवरू शकत नाही आणि मामाजी तर पानसोटाचे जन्माचे वैरी होते. दुसऱ्याच्या बागेतून जातानाही काढायचे. सायकसच्या बुंध्याशी आलेला कोंब त्यांच्या लेखी पानसोट. आठ वर्षांपूर्वी पानांच्या मधोमध एक पिवळट तपकिरी, लोकरीसारखी लव असलेला गड्डा वर आला. तोही पानसोट. कापला. चार वर्षांपूर्वी पुन्हा आला, मी शाळेत असताना पुन्हा कापला. त्या वेळी सासूबाईंनी तो कचरा झाडून टोपलीत भरला. त्यानंतर त्या झाडाबद्दल बोलायच्या बंद झाल्या.

मागच्या वर्षी मे महिन्यात मी परीक्षेचे पेपर तपासून घरी आले, तर टोकदार पानांवरून हात पोचावा म्हणून मामाजी स्टुलावर उभे आणि हातात उघडा चाकू. पानांच्या मधोमध कोबीएवढा लोकरी गड्डा. मी चपला न काढता धावले आणि सासऱ्यांचा हात धरला. सुनेनं सासऱ्याचा हात धरायचा नसतो हे मला कळतं, पण त्या क्षणी मला फळ्यावरची आकृती दिसत होती. गड्ड्यातली ती लवदार पानं फणीसारखी कातरलेली होती आणि प्रत्येकाच्या देठाशी दोन्ही बाजूंना बोराएवढे गोल, उघडे दाणे.

मग मी अंगणातच शिकवायला बसले. या झाडाला फूल येत नाही आणि फळ येत नाही. देवदार आणि पाइनच्या जातीचं आहे, त्यांना शंकू येतात. शाळेच्या फाटकाजवळच्या मोरपंखीलाही येतात, पण तिच्या एकाच झाडावर नर-मादी दोन्ही असतात. सायकसचं तसं नाही. एक झाड नर तर नर, मादी तर मादी. नराला मधोमध मोठा उभा शंकू येतो आणि त्यातून पिवळा पराग झडतो. मादीला हा असा लोकरीचा गड्डा. हे दाणे म्हणजे तिची होऊ घातलेली बीजं, त्यांच्यावर फळाचं पांघरूण नाही. पराग यायच्या दिवसांत प्रत्येक दाण्याच्या टोकाला पाण्याचा बारीक थेंब येतो. परागकण त्यावर पडला की थेंब त्याला घेऊन आत जातो.

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हणजे दोन डाव बाळंतपणाले आली होती थे," त्या म्हणाल्या, "अन् यायनं कापून टाकलं."

त्या उठून आत गेल्या. संध्याकाळी मामाजींच्या सदऱ्याच्या खिशात चाकू नव्हता. त्यांनी दोन दिवस शोधला, तिसऱ्या दिवशी शोधणं सोडलं. चाकू तांदळाच्या कोठीत आहे हे मला माहीत होतं, कारण तांदूळ काढताना तो माझ्या हाताला लागला होता. मामाजींनाही कळलं असावं. त्यांनी कोठीला हात लावला नाही.

पण पहिल्याच रात्री जेवणानंतर ते माझ्याजवळ आले होते. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"मोनाली, लोकायची लाखभर झाडं बांधली म्या. इच्यासाठी एक नाई. आता काय करा लागते थे सांग."

मी सांगितलं की बुंध्याला कोंब यायचे आता थांबलेत, रोपं बियांचीच होतील, तेव्हा नर शोधा. मुदत दहा-बारा दिवसांची. गड्डा एकदा मिटला की पराग आणून उपयोग नाही आणि पुन्हा येईल तो तीन-चार वर्षांनी. तेव्हा सासूबाई सत्तरीला टेकलेल्या असतील.

मामाजींना शोधाशोधीची सवय होतीच. फक्त या वेळी नवरदेव झाड होता. दुसऱ्या दिवसापासून ते बसस्टँडवर, किराण्याच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात सगळीकडे विचारत सुटले. कुणाच्या अंगणात आहे, वय किती, मधात काही येते का, किती उंच येते. माझा नवरा स्वप्निल म्हणाला की बाबा, पत्रिका छापायला टाकू का. मोहगावच्या एका रोपवाटिकेत चाळीस सायकस निघाले, पण सगळे कुंडीतले. या झाडाला वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात. मामाजी परत येऊन म्हणाले, सगळी लहान पोरंच आहेत. एका दवाखान्यासमोर मोठं झाड सापडलं, तेही मादी निघालं. आमच्याकडे पोरगी असली की मुलगा मिळत नाही म्हणून लोक रडतात, आमच्या अंगणातही तेच चाललं होतं.

सहाव्या दिवशी पांढुर्ण्याला एका लग्नात विनोद नावाचा टेम्पोवाला जेवायला मामाजींच्या शेजारी बसला होता. तो तिगावचा. तो म्हणाला, आमच्या गावात एका घरी आहे तसलं झाड, मक्याच्या कणसासारखं कोपरभर वर आलं आहे आणि असा वास मारतं, की म्हातारी रोज ते फेकायला सांगते. मामाजींनी हातातला घास खाली ठेवला आणि घर कुणाचं ते विचारलं. उत्तर ऐकून ते न जेवताच उठले.

घर नत्थूजींचं होतं.

हे नाव आमच्या घरात मी एकदाच ऐकलं होतं आणि तेव्हा सासूबाईंनी लगेच विषय बदलला होता. तीस वर्षांपूर्वी नत्थूजींनी तिगावच्या वावरात तीनशे संत्री लावली, डोळे बांधले मामाजींनी. शेजारच्या बागा पाचव्या वर्षी लागल्या, नत्थूजींच्या शंभरेक झाडांवर काटे आले आणि फळ आलं नाही. नत्थूजी पांढुर्ण्याच्या संत्रा बाजारात, दोनशे माणसांत, मामाजींकडे बोट करून म्हणाले की याच्या हाताला गुण नाही. मामाजी म्हणाले की तुमच्या जमिनीत खोट आहे. त्यानंतर तिगावच्या दिशेनं मामाजींनी पाऊल टाकलं नाही. रेल्वेनं जाताना तिगाव स्टेशन आलं की ते खिडकीकडून तोंड फिरवायचे, हे स्वप्निलनं लहानपणी पाहिलेलं आहे.

त्या संध्याकाळी मामाजी अंगणात झाडासमोर खाट टाकून बसले. सासूबाई चहा घेऊन आल्या. कप खाटेवर ठेवून त्या आत गेल्या. मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, चार दिवस उरलेत, मी तुमच्यासोबत येते, बोलायचं मी बोलेन. मामाजींनी मान हलवली. म्हणाले, बोलायचं तर मलाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही पांढुर्ण्याला गेलो, तिथून ऑटोनं तिगाव. नत्थूजींचं अंगण शेणानं सारवलेलं होतं आणि मधोमध सायकस. मी पुस्तकाबाहेर नर शंकू पहिल्यांदा बघत होते. हातभर लांब, पिवळा, खवल्याखवल्यांचा. खवले सुटून खालच्या पानांवर पिवळी धूळ बसली होती आणि वास येत होता पिकून उतरलेल्या अननसासारखा. मला इतका आनंद झाला की मी यजमानांना नमस्कार करायच्या आधी झाडाजवळ गेले.

नत्थूजी ओसरीवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, डोळ्याला जाड चष्मा. त्यांनी मामाजींना ओळखलं, पण बसा म्हणाले नाहीत. मामाजींनी जय भीम घातला, त्यांनी राम राम घातला. मला वाटलं मामाजी झाडाचं बोलतील. ते अंगणात उभ्याउभ्याच म्हणाले,

"नत्थूजी, खोट तुमच्या जमिनीत नव्हती. त्या साली चांगल्या फांद्या कमी पडल्या अन् शंभरेक डोळे म्या पानसोटावरचे काढले. मले माहीत होतं. म्या सांगतलं नाई."

पानसोटावरचा डोळा लावला की झाड माजतं, काट्यावर जातं आणि कितीतरी वर्षं फळाला येत नाही. मामाजी तीस वर्षं दिसेल त्या बागेत पानसोट का कापत फिरत होते ते मला तिगावच्या अंगणात कळलं. सासूबाईंच्या झाडाचा गड्डाही त्या जुन्या चुकीपायीच दोनदा गेला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

नत्थूजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"काटे पाहून मले तवाच समजलं, दादाराव," ते म्हणाले. "मी काय आंधळा हाव? तू कधी म्हणतं थे वाट पाहून राहिलो होतो. लय उशीर केला बा तू." मग बायकोला, मनकर्णाबाईंना, हाक मारून त्यांनी चहा टाकायला सांगितला आणि मामाजींना म्हणाले, "आठव्या वर्षी लागली ना थे झाडं. बाकीची डिंक्या रोगानं मेली, अन् तुह्या पानसोटाचीच उभी आहेत. बस आता."

मामाजी बसले म्हणजे धप्पकन बसले. चहा झाला, त्यानंतर दुसरा चहा झाला. सोयरिकीचं बोलणं मी काढलं तेव्हा नत्थूजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मनकर्णाबाई तर शंकू आजच्या आज घेऊन जा म्हणाल्या, महिनाभर त्यांना त्या वासानं अंगणात बसता येत नव्हतं. शंकू कापायची वेळ आली, तर मामाजींच्या खिशात चाकू नव्हता. नत्थूजींनी स्वतःचा दिला. मामाजींनी तो शंकू आयुष्यातल्या सगळ्या कलमांपेक्षा जास्त जपून कापला.

परतीच्या बसमध्ये शंकू जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून मामाजींच्या मांडीवर होता. वास सुटला तसे शेजारचे लोक एकेक करून पुढे सरकले. कंडक्टरनं हे काय आहे म्हणून विचारलं. मामाजींनी नवरदेव आहे असं सांगितलं आणि पूर्ण तिकीट काढायची तयारी दाखवली.

घरी शंकू वर्तमानपत्रावर ठेवला आणि सकाळपर्यंत त्यावर हळदीसारखी धूळ पडली. ती मी पावडरच्या रिकाम्या, धुऊन वाळवलेल्या डब्यात भरली, कारण त्याच्या झाकणाला भोकं असतात. तीन दिवस रोज सकाळी सासूबाई स्टुलावर चढून लोकरी गड्ड्यावर ती धूळ शिंपडत होत्या. मामाजी स्टूल धरून उभे राहायचे. त्यांनी झाडाला हात लावायचा नाही, असा सासूबाईंचा हुकूम होता आणि त्यांनी तो पाळला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या रूपालीनं ओट्यावरून हळदीचं गाणं म्हटलं आणि आम्ही सगळे हसून थकलो.

मग वाट बघणं आलं. संत्र्याचा डोळा लागला की नाही ते तीन आठवड्यांत कळतं. इथं आठ महिने. मी मामाजींना सांगितलं की परागातून एक नळी निघते, ती दाण्याच्या आत महिनोन्‌महिने वाढते आणि शेवटी त्या नळीतून दोन पुंबीजं, म्हणजे नराच्या बीजपेशी, बाहेर पडतात. डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी मोठी, अंगावर केसांच्या वळ्या, आणि ती पोहत जातात. आतल्या थेंबभर पाण्यात पोहत मादीपर्यंत पोचतात. डायनासोर होते तेव्हापासून या जातीची झाडं असंच करत आली आहेत. मामाजी पावसाळाभर जो भेटेल त्याला हे सांगत होते. आमच्या जावयाला पोहता येते, म्हणायचे.

एक गोष्ट मात्र मी घरात सांगितली नाही आणि तो भित्रेपणाच होता. पराग पोचला नाही तरी सायकसचे दाणे फुगतात. लालही होतात. वरून बघून काही कळत नाही. दिवाळीनंतर दाणे केशरी झाले, डिसेंबरात लालबुंद. सगळी गल्ली येऊन बघून गेली, सासूबाईंनी खीर केली आणि मला ती गोड लागेना. जानेवारीत दाणे काढायची वेळ आली तेव्हा मी सांगून टाकलं. साल काढून पाण्यात टाकायचे. पोकळ असेल तो तरंगेल, भरलेला बुडेल. मामाजींचा चेहरा उतरला. सासूबाई म्हणाल्या, मग पाहू.

दाणे विषारी असतात म्हणून गल्लीतल्या पोरांना लांब बसवलं. तीन दिवस भिजवलेली लाल साल आम्ही हातमोजे घालून काढली. रविवारी सकाळी अंगणात बादली मांडली. नत्थूजींना नातवानं मोटरसायकलवर बसवून आणलं होतं, ते खाटेवर काठी धरून बसले. बाहेरच्या कडेचे दाणे सासूबाईंनी आधी टाकले. पहिला तरंगला, दुसरा तरंगला, मग वीसच्या वीस तरंगले. मामाजी उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

सासूबाईंनी गड्ड्याच्या आतल्या बाजूचे दाणे घेतले. त्यांतला एक टाकला. तो सरळ खाली गेला आणि बादलीच्या तळाला लागल्याचा आवाज आला. मामाजींनी मान वळवली. दुसरा गेला, तिसरा गेला. त्यापुढं मला मोजता येईना, कारण मी रडत होते आणि हसत होते. सासूबाईंनी मोजले. सदतीस.

"सदतीस," त्या मामाजींना म्हणाल्या. "म्या तीन मांगतले होते."

मामाजी बादलीजवळ उकिडवे बसले आणि तळाशी बघत राहिले. नत्थूजी खाटेवरून म्हणाले की त्यांना त्या जुन्या झाडांवरून पन्नास कलमं नवी करायची आहेत आणि हा महिना डोळे बांधायचा आहे, पण हल्लीच्या पोरांच्या हाताला गुण नाही. ते मामाजींकडे बघून बोलले नाहीत, पण अंगणात ते सगळ्यांना ऐकू आलं.

सासूबाई हात धुऊन आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा एका हातात पिशवीत बांधलेले पाच दाणे होते, तिगावला द्यायला, आणि दुसऱ्या हातात चाकू. त्यांनी त्याला लागलेलं तांदळाचं पीठ पदराला पुसलं आणि तो मामाजींच्या खिशात स्वतः ठेवला.

"जा यायच्या वावरात," त्या म्हणाल्या. "अन् पट्टी बांधाले मी येतो."

मामाजींनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं निघाले आणि पांढुर्ण्याहून रेल्वेनं तिगावला गेले. स्टेशन आलं तेव्हा मामाजींनी तोंड फिरवलं नाही, असं सासूबाईंनी मला संध्याकाळी सांगितलं. त्यांच्या दहाही बोटांना पट्टीचे वळ उठले होते.